वाचकांचे प्रश्न : अचूकता वाढली, तरी तुलना ग्राह्य का नाही?

प्रश्न : अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी मी चॅम्पसिम या सिम्युलेटरवर (प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर) परसेप्ट्रॉन या साध्या न्यूरल घटकावर आधारलेला ब्रँच प्रेडिक्टर, म्हणजे प्रोग्राममधली पुढची अट (ब्रँच) कोणत्या वाटेने जाईल याचा आधीच अंदाज बांधणारा भाग, चालवत आहे. हिस्टरी, म्हणजे आधीच्या ब्रँचच्या निकालांची नोंद, २४ बिटांवरून ६० बिटांवर नेल्यावर अचूकता ९७ टक्क्यांवरून ९८ टक्क्यांवर गेली. आमचे सर मात्र ही तुलनाच ग्राह्य धरत नाहीत. असे का?
– एक विद्यार्थिनी, ऐरोली

उत्तर : आपल्या सरांचे म्हणणे रास्त आहे. सिम्युलेटर चुकलेले अंदाज इमानेइतबारे मोजतो. पण ते अंदाज बांधायला प्रत्यक्ष चिपवर किती जागा आणि किती वेळ लागला असता, हे तो विचारत नाही. तो हिशेब आपणच मांडायचा असतो.

आधी जागेचे पाहू. डॅनियल हिमेनेझ आणि कॅल्विन लिन यांनी २००१ मध्ये मांडलेल्या मूळ पद्धतीत प्रत्येक परसेप्ट्रॉनकडे हिस्टरीच्या दर बिटामागे एक भारांक (त्या बिटाला किती वजन द्यायचे ती संख्या) आणि शिवाय एक बायस (हिस्टरीवर अवलंबून नसलेला भारांक) असतो; या सगळ्यांच्या बेरजेच्या चिन्हावरून अंदाज ठरतो. २४ बिटांच्या हिस्टरीला ८ बिटांचे २५ भारांक, म्हणजे २०० बिट लागतात. असे १६३ परसेप्ट्रॉन ठेवले तर ३२,६०० बिट होतात, जे ४ किलोबाइटमध्ये जेमतेम बसतात. हिस्टरी ६० केली की एकेका परसेप्ट्रॉनला ४८८ बिट लागतात आणि त्याच ४ किलोबाइटमध्ये केवळ ६७ मावतात. आपण संख्या १६३ च ठेवली असेल, तर दुसऱ्या प्रेडिक्टरला जवळजवळ अडीचपट जागा देऊन आपण त्याला विजयी ठरवले आहे. संख्या ६७ वर आणून प्रयोग पुन्हा करा. एकाच परसेप्ट्रॉनवर अधिक ब्रँच येऊन परस्परांचे भारांक बिघडवू लागल्या, तर लांब हिस्टरीचा लाभ त्यातच विरून जाऊ शकतो.

त्याच वेळी थ्रेशोल्डही, म्हणजे शिकणे कधी थांबवायचे ती मर्यादाही, तपासा. अंदाज चुकला, किंवा बरोबर येऊनही बेरजेचे मूल्य थ्रेशोल्डच्या पुढे गेले नाही, तरच भारांक बदलले जातात. हा थ्रेशोल्ड हिस्टरीच्या १.९३ पटीत १४ मिळवून, अपूर्णांक सोडून काढतात : २४ साठी ६०, तर ६० साठी १२९. कोडमध्ये ६० हा आकडा तसाच लिहून ठेवलेला असेल, तर लांब हिस्टरीचे शिकणे वेळेआधीच थांबते.

वेळेचा प्रश्न अधिक अवघड आहे. पुढची सूचना कोठून आणायची हे पाइपलाइनला (सूचना टप्प्याटप्प्याने पार पाडणाऱ्या प्रोसेसरमधल्या साखळीला) लगेच हवे असते, पण ६१ भारांकांची बेरीज एका सायकलमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाच्या एका ठोक्यात, होणे कठीण. सिम्युलेटरमध्ये मात्र ती फुकटात होते. हिमेनेझ यांनी २००३ मध्ये ही बेरीज आधीच्या ब्रँचपासून टप्प्याटप्प्याने करत आणण्याची पद्धत सुचवली, ती याच अडचणीमुळे. प्रकल्पाच्या अहवालात याचा उल्लेख नसेल, तर परीक्षक नेमके तेच विचारतील.

अहवालात टक्केवारीपेक्षा दर हजार सूचनांमागे किती अंदाज चुकले, तो आकडा द्यावा. समजा हजार सूचनांत २०० ब्रँच आहेत. ९७ टक्के अचूकतेत ६ अंदाज चुकतील, ९८ टक्क्यांत ४. एका चुकीला १५ सायकल वाया जातात असे धरले, तर ९० विरुद्ध ६० सायकल, हा फरक डोळ्यांत भरतो. विनाअट उड्याही त्या टक्केवारीत धरल्या असतील, तर ती उगाच फुगते, कारण त्यांची दिशा ठरलेलीच असते.

आणखी एक प्रयोग सुचवतो, कारण आकड्यांच्या तक्त्यांपेक्षा त्यातून अधिक कळते. सी भाषेत एक लूप लिहा : दोन यादृच्छिक बिटांवर दोन इफ आणि दोन्ही खरे असतील तरच घेतला जाणारा तिसरा इफ. पिन हे साधन वापरून ट्रेस, म्हणजे चाललेल्या सूचनांची नोंद, काढा (ऑप्टिमायझेशन बंद ठेवा, नाहीतर कंपायलर ब्रँचच गायब करू शकतो) आणि शेवटी तिसऱ्या ब्रँचचे भारांक छापा. आधीच्या दोन ब्रँचच्या जागी ठळक धन आकडे दिसतील. मग अट बदलून ‘दोहोंपैकी नेमका एकच खरा’ अशी करा. आता कितीही सराव दिला तरी त्या ब्रँचचे सुमारे निम्मे अंदाज चुकतील, कारण या दोन स्थिती एका सरळ रेषेने वेगळ्या करता येत नाहीत. १९९३ मधला साधा जीशेअर प्रेडिक्टर, जो बेरीज न करता हिस्टरीवरून तक्त्यात निकाल शोधतो, पुरेशा सरावानंतर हीच ब्रँच शिकतो.

प्रश्न : हे ‘न्यूरल’ जाळे कारखान्यातच शिकवून चिपमध्ये भरतात का? बाजारातल्या प्रोसेसरमध्ये ते खरोखर असते का?
– एक वाचक, ठाणे पश्चिम

उत्तर : नाही, आधी काही शिकवलेले नसते, भारांक आपला प्रोग्राम चालू असतानाच घडतात आणि बदलतात. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. एएमडीच्या २०१७ च्या झेन प्रोसेसरमध्ये परसेप्ट्रॉन प्रेडिक्टर होता, आणि सॅमसंगनेही आपल्या एक्झिनॉस मालिकेतील एम१ गाभ्यात तो वापरला. २०१९ च्या झेन २ मध्ये एएमडीने परसेप्ट्रॉन पहिल्या पातळीवर कायम ठेवून त्याच्यामागे टेज हा वेगळ्या घडणीचा प्रेडिक्टर जोडला.