मुंबईचा डेस्क नागपूरला येतो तेव्हा

प्रश्न : ताई, मी मुंबईतल्या एका मराठी वृत्तवाहिनीच्या डिजिटल विभागात कॉपी एडिटर आहे. येत्या मेपर्यंत आमचा अख्खा विभाग नागपूरला न्यायचं व्यवस्थापनाने ठरवलंय. बीबीसीने लंडनहून असंच केलं, असा दाखला बैठकीत दिला गेला. नवरा बँकेत, मुलगी मराठी माध्यमात आठवीत. माझं माहेर वर्ध्याचं, त्यामुळे मन ओढ घेतं. पण तिथे गेल्यावर आपण बाजूला पडू, ही धास्तीही आहे. काय करू?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : मी नागपूरची. नोकरीची सगळी वर्षं इथल्याच डेस्कवर गेली, त्यामुळे तुमची धास्ती मला आतून कळते. एक गोष्ट आधी विचारा : पहिल्या पानावर काय जाणार, कुणाला नेमायचं, कोणत्या मालिकेला पैसे द्यायचे, हे ठरवणारा माणूस नागपुरात बसणार की मुंबईत? बाकीचे प्रश्न त्यानंतरचे.

आमच्या गावाला याचा जुना अनुभव आहे. १९८८ मध्ये आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली. नागपूर देशाच्या मध्यावर, म्हणून एक हजार किलोवॅटचा प्रक्षेपक इथे बसला. रात्री देशभर आवाज पोचवायचं काम नागपूरचं, पण कार्यक्रम दिल्लीच्या स्टुडिओत बनायचे. इथल्या निवेदकाला, लेखकाला त्या यंत्राचा फार उपयोग झाला नाही. २०१९ मध्ये ती वाहिनी बंद झाली, तो निर्णयही दिल्लीतच झाला.

हिवाळी अधिवेशनाचंही तसंच आहे. १९५३ च्या नागपूर कराराने वर्षातून एक अधिवेशन इथे घ्यायचं ठरलं. डिसेंबरमध्ये सिव्हिल लाइन्समध्ये ओबी व्हॅनची, म्हणजे थेट प्रक्षेपणाच्या गाड्यांची, रांग लागते, हॉटेलात खोली मिळत नाही. अधिवेशन संपलं की सगळा ताफा परत. मग विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांसाठी कित्येक वाहिन्यांकडे एक ब्युरो आणि थोडे स्ट्रिंगर, म्हणजे पगारावर नसलेले बातमीदार, उरतात. यवतमाळच्या शेतकऱ्याची बातमी चालवायची की नाही, हे मुंबईचा इनपुट डेस्क, म्हणजे आलेल्या बातम्या निवडणारा विभाग, ठरवतो. मला याचा आजही राग येतो.

आता बीबीसीचं. लंडनहून त्यांचे विभाग गेले ते सॅल्फर्डला, म्हणजे मँचेस्टरला लागून असलेल्या जुन्या गोदीच्या गावाला. क्रीडा आणि बालविभाग, रेडिओ फाइव्ह लाइव्ह २०११-१२ मध्ये तिकडे गेले, सकाळचा ‘ब्रेकफास्ट’ कार्यक्रम २०१२ मध्ये. निवेदिका सियान विल्यम्स यांनी लंडन न सोडता कार्यक्रमच सोडला. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०१३ मध्ये हिशेब मांडला, तेव्हा या स्थलांतरावर बावीस कोटी चाळीस लाख पौंड खर्च झाले होते. ज्यांनी लंडनचं घर ठेवलं, त्यांना सॅल्फर्डच्या भाड्यापोटी महिन्याला १,९०० पौंडांपर्यंत भत्ता होता, दोन वर्षांपर्यंत. तुमच्या बैठकीत दाखला दिला ना? मग हा भागही वाचून दाखवायला सांगा. आणि दुसरा भागही : क्रीडा आणि बालविभागाचे प्रमुख स्वतः तिथे बसायला गेले. म्हणूनच ते विभाग तिथे रुजले, असं माझं मत आहे.

आपल्याकडेही एक उदाहरण आहे. १९२९ ची कोल्हापूरची प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्याला गेली. मालक, दिग्दर्शक, कारागीर सगळेच गेले, आणि पुणं सिनेमाचं गाव झालं.

तुमच्यापुरतं सांगायचं तर नियुक्तिपत्रातली बदलीची अट आज रात्रीच काढून वाचा. पगार ‘तोच राहील’ असं तोंडी सांगितलं असेल, तर घरभाडे भत्ता वेगळा विचारा, कात्री तिथेच लागते. जुन्या करपद्धतीत या भत्त्यावरची सवलत मुंबईत मूळ पगाराच्या पन्नास टक्क्यांपर्यंत मिळते, नागपुरात चाळीस. दोन वर्षांनी परत यायचं झालं तर जागा मिळेल का, हे ईमेलवर लिहून घ्या. यजमानांची बँक बदली देते का, तो अर्ज आताच करू द्या, त्याला वेळ लागतो.

मुलीला आणायचं असेल तर नववीच्या सुरुवातीला आणा, दहावीत नको. राज्य मंडळ तेच, बालभारतीची पुस्तकं तीच, त्यामुळे अभ्यास तुटणार नाही. मैत्रिणी तुटतील, त्याला मात्र माझ्याकडे उपाय नाही. मेमध्ये सामान हलवू नका. पंचेचाळीस अंशांत घर लावताना माणूस रडकुंडीला येतो. जूनअखेर पाऊस पडला की या.

संपादक मुंबईतच राहणार असतील, तर तुम्ही येऊ नये, असं मी स्पष्ट सांगेन. वर्धा सव्वा तासावर असली, तरीही.

प्रश्न : मी नागपुरात पत्रकारितेच्या शेवटच्या वर्षाला आहे. मुंबईचे डेस्क इकडे येणार अशी चर्चा आहे. पण माणसंही तिकडचीच येणार असतील, तर आम्हाला काय मिळणार?
– एक विद्यार्थी, सक्करदरा

उत्तर : बाळा, शंका अगदी रास्त आहे. सॅल्फर्डबद्दल ‘सेंटर फॉर सिटीज’ या संस्थेने २०१७ मध्ये अभ्यास केला, तेव्हा दिसलं की बीबीसीभोवती नोकऱ्या वाढल्या, पण त्यांतल्या बऱ्याच मँचेस्टर परिसरातूनच तिकडे सरकल्या होत्या. एकूण शहराच्या रोजगारात फरक किरकोळ पडला. म्हणजे नुसती इमारत आली म्हणून तुला नोकरी मिळेल, असं धरून चालू नकोस.

तुझ्याकडे काय आहे ते सांगते. पश्चिम विदर्भाची वऱ्हाडी आणि पूर्व विदर्भाची झाडीबोली तुला कळते. मुंबईत बसलेल्या लेखकाच्या मालिकेत वऱ्हाडी बोलणारा बहुतेक वेळा गंमतीचा गडी असतो, कारण लिहिणाऱ्याने ती भाषा घरात ऐकलेली नसते. दिवाळीनंतर गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा गाठ. झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भाच्या, नाटकमंडळ्या तिथेच आहेत, गावोगाव रात्रभर नाटकं होतात, तिकीट काढून हजारो माणसं बसतात. या धंद्यावर, त्यातल्या नटांच्या मानधनावर, लेखकांवर नीट बातमीदारी करणारे मोजके आहेत. चार-सहा चांगले वृत्तांत तयार ठेव, व्हिडिओसकट. नवा डेस्क आला की त्यांना पहिल्याच आठवड्यात अशा माणसाची गरज पडणार आहे. विनामोबदला इंटर्नशिप मात्र तीन महिन्यांपलीकडे करू नकोस, कोणीही कितीही गोड बोललं तरी.