रिपोर्ट 'पॉझिटिव्ह' आला आणि काकूंचं ताट वेगळं झालं

परळला कॅन्सरच्या रुग्णांच्या घरच्यांशी बोलणं हे माझं काम. गेल्या पावसाळ्यात लालबागहून एक काका आणि त्यांची मुलगी आली. काकूंना स्तनाचा कॅन्सर, वय ५२. काकांनी प्लास्टिकच्या पिशवीतून रिपोर्ट काढला आणि 'हर-टू पॉझिटिव्ह'वर बोट ठेवलं. "मॅडम, हे जीनचं असतं म्हणतात. म्हणजे पोरीलापण होणार? स्थळं बघतोय हिला."

मुलीचं दुखणं वेगळंच होतं. "आत्याने आईचं ताट-पेला वेगळा काढलाय. पॉझिटिव्ह आहे ना, म्हणून."

कोविडनंतर हा शब्द फार छळतो. कॅन्सर उष्ट्याने लागत नाही, ताट आजच परत मांडा, हे आधी सांगून टाकलं.

मग विचारलं, तपासणी कशाची केली, रक्ताची? "नाही, गाठीच्या तुकड्याची." अर्धं उत्तर तिथेच होतं.

हर-टू हा जीन आपल्या सगळ्यांत असतो, सतराव्या गुणसूत्रावर, पेशीत दोन प्रती. त्यापासून बनलेलं प्रथिन पेशीच्या आवरणावर बसतं आणि 'वाढ' हा निरोप आत पोचवतं. काका चाळीतले, म्हणून म्हटलं, खोलीच्या दाराला एक बेल असते, कुणी आलं की वाजते. काकूंच्या स्तनातल्या एका पेशीत या जीनच्या प्रती वाढल्या आणि दारावर बेलांची दाटी झाली. इतक्या दाटीत त्या एकमेकींना भिडून, बाहेर कुणी नसतानाही वाजत राहतात. पेशी दुप्पट होत जाते आणि नव्या पेशींनाही त्या जादा बेल मिळतात. असा बिथरलेला जीन म्हणजे ऑन्कोजीन. बिघाड गाठीत आहे, बीजांडात नाही. म्हणून हा मुलीकडे जात नाही.

या बेलांवरच बसणारं ट्रास्टुझुमॅब हे औषध १९९८ पासून वापरात आहे. त्याआधी हा रिपोर्ट खरंच धास्तीचा असे.

काका सुटल्यासारखे उठायला लागले. मी बसवलं. स्तनाच्या १०० कॅन्सरमधले साधारण ५ ते १० आनुवंशिक असतात. ते बिघाड वेगळ्या जीनमधले, बहुतेकदा बीआरसीए वन किंवा टू. हे जीन पेशीतल्या डीएनएची डागडुजी करतात, आणि त्यांची तपासणी रक्तावर होते. काकूंच्या माहेरी कुणाला काही? काका म्हणाले, कुणालाच नाही. मुलगी म्हणाली, "मावशी गेली ना, चाळिशीच्या आत. पोटात पाणी झालं होतं. आजी सांगायची."

पोटात पाणी अनेक कारणांनी होतं. अंडाशयाच्या कॅन्सरनेही होतं. मी जेनेटिक विभागाची चिठ्ठी लिहिली. रक्त आधी काकूंचं, मुलीचं त्यात काही निघालं तरच.

"आणि स्थळाला काय सांगू?"

"तो रिपोर्ट येऊ द्या, मग आपण तिघं बोलू. तिलाही विचारू."

पुढच्या खेपेला काका एकटेच आले, काकूंच्या टूडी इकोची तारीख घ्यायला. या औषधात हृदयावर लक्ष ठेवावं लागतं. मी ताटाचं विचारलं. "बहिणीला समजावतोय," म्हणाले, आणि रांगेकडे बघत बसले.