स्कॅगवे: ट्रेन की बस हे नंतर ठरवा, आधी सगळे पासपोर्ट टेबलावर मांडा

तुमचा प्रश्न वाचला आणि पोटात गोळाच आला. व्हँकुव्हरहून अलास्का क्रूझ, सोबत सत्तरीचे आई-वडील, अलास्कातल्या स्कॅगवे बंदरात जहाज आठ-नऊ तास थांबणार, आणि तिथून व्हाइट पास घाटात ट्रेनने जायचं की बसने पार कॅनडातल्या युकॉनपर्यंत, हे ठरत नाहीये. सहा वर्षांपूर्वी मी अगदी इथेच होते, फक्त माझ्यासोबत सासू-सासरे होते.

कपडे, बुकिंग लवकर करणं वगैरे तुम्ही वाचलेलं असणारच, ते सोडून देते. ट्रेन की बस यावर बोलताना सगळे देखाव्याबद्दल बोलतात. माझ्या मते देखावा हा शेवटचा मुद्दा आहे. पहिला मुद्दा असा की घाटाच्या माथ्यावर अमेरिका संपते आणि कॅनडा सुरू होतो. नुसत्या माथ्यापर्यंत जाऊन परत येणारी जी ट्रेन आहे, तिच्यातून कुणी खाली उतरत नाही. इंजिन दुसऱ्या टोकाला लागतं आणि गाडी आली तशी खाली येते, त्यामुळे पासपोर्ट लागत नाही. पण पलीकडे कॅनडातल्या फ्रेझर, बेनेट किंवा कारक्रॉसला जाणारं काहीही घेतलंत, बस असो वा ट्रेन, तर तुम्ही रीतसर परदेशात जाऊन परत अमेरिकेत येता.

आणि हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं: बस नुसती माथ्यावरच्या ‘वेलकम टू अलास्का’ पाटीपाशी फोटो काढून वळणार असली, तरीही कागद लागतात. कारण अमेरिकेचं तपासणी नाकं माथ्यावर नाहीच, ते खूप खाली, स्कॅगवेपासून साधारण ११ किलोमीटरवर आहे. माथ्यावरून रस्त्याने परत येणाऱ्या प्रत्येक गाडीला ते ओलांडावंच लागतं. तुम्ही कॅनडात पाऊल टाकलं होतं की नाही, याच्याशी त्यांना कर्तव्य नाही.

आता आमची फजिती. आम्ही बसने वर आणि फ्रेझरहून ट्रेनने खाली असं घेतलं होतं (ती कल्पना मला आजही सगळ्यात आवडते). चौघांकडे कॅनडाचा व्हिसा, चौघांकडे अमेरिकेचा मल्टिपल एंट्री व्हिसा. फक्त सासऱ्यांचा अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा जुन्या, रद्द झालेल्या पासपोर्टात होता. त्यात काही गैर नाही, व्हिसाची मुदत असेल तर दोन्ही पासपोर्ट बरोबर ठेवले की चालतं. ते दोन्ही रबरबँड लावून एकत्र ठेवायचे. अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी व्हँकुव्हरच्या धक्क्यावरच, जहाजात चढण्याआधी होते. त्यानंतर केचिकन झालं, जुनो झालं, अलास्कातल्या या बंदरांत कुणी काही विचारलं नाही. म्हणून स्कॅगवेच्या आदल्या रात्री सासऱ्यांनी विचार केला की रद्द झालेला पासपोर्ट कशाला मिरवायचा, हरवला तर पंचाईत. रबरबँड काढला, जुना तिजोरीत ठेवला, नवा खिशात. त्यांची चूक म्हणवत नाही मला. त्यांनी जपूनच ठेवला होता!

आमच्या बुकिंगवाल्याला मी दोनदा फोन करून विचारलं होतं, काय काय न्यायचं. “ओरिजिनल पासपोर्ट न्या.” जहाजावरच्या सहलींच्या काउंटरवरही विचारलं. “पासपोर्ट.” शब्द दोघांचेही बरोबर, पण व्हिसा कुठल्या पासपोर्टात आहे हे विचारायची तसदी एकानेही घेतली नाही. बुकिंगवाल्याने घ्यायला हवी होती, कारण व्हिसाच्या प्रती त्याच्याकडेच होत्या.

धक्क्यावर बसच्या दारात ड्रायव्हरबाई एकेकाचे कागद बघत होत्या. सासऱ्यांचा पासपोर्ट पुढून मागून चाळला आणि म्हणाल्या, अमेरिकेचा व्हिसा? नवरा तिथूनच पळत सुटला. बाई दहा मिनिटं थांबल्या. त्याहून जास्त थांबता येईना, कारण फ्रेझरला ट्रेन कुणासाठी थांबत नाही आणि बसमध्ये वीस-बावीस माणसं बसलेली. जहाजात परत शिरताना सुरक्षेची रांग, मग लिफ्ट, मग लांबलचक बोळ. पंचवीस मिनिटांनी नवरा जुना पासपोर्ट हातात उंच धरून धावत आला तेव्हा मी, सासूबाई आणि सासरे रिकाम्या धक्क्यावर उभे होतो.

पैसे गेले, चौघांचे. त्याचं दुःख आहेच, पण खरा राग त्या काउंटरचा. अर्धा तास रांगेत उभं राहिल्यावर उत्तर मिळालं की कागदपत्रं ही प्रवाशाची जबाबदारी, अटींमध्ये लिहिलेलं आहे. मान्य. पण दुपारी माथ्यापर्यंतची साधी ट्रेन आहे, तिला पासपोर्ट लागत नाही, जागा आहेत का बघू का, एवढं एक वाक्य बोलायला काय जात होतं? रात्री जेवणाच्या टेबलावर शेजारच्या कुटुंबाने त्याच ट्रेनचे फोटो दाखवले. सकाळी उठून ठरवलं म्हणे. सासरे सगळे फोटो शांतपणे बघत बसले. दोन वर्षांनी मी आणि नवरा परत गेलो, दोन्ही ट्रेन केल्या, पण तोवर सासऱ्यांचे गुडघे प्रवासाचे राहिले नव्हते. असो.

म्हणून तुमच्यासाठी माझं स्पष्ट मत: आई-वडिलांचे व्हिसा वेगवेगळ्या पासपोर्टांत असतील किंवा कागदांत कुठेही किंतु असेल, तर माथ्यापर्यंतची ट्रेन घ्या आणि निवांत राहा. जाऊन-येऊन साधारण ६५ किलोमीटर आणि अडीच-पावणेतीन तास. समुद्रसपाटीवरून निघून ३२ किलोमीटरमध्ये ती सुमारे ८७३ मीटर चढते. पुढे वेळ उरतो, पाय दुखले तर जहाज जवळ. कागद चोख असतील तर मात्र बस-ट्रेन जोडीच घ्या. बस पुढे कारक्रॉसपर्यंत जाणारी असेल तर तिथलं इवलंसं वाळवंट आणि थोडं पुढे गेल्यावर एमराल्ड तलाव, हे ट्रेनमधून दिसत नाही. उलट माथ्याजवळचा जुना पोलादी पूल ट्रेनमधूनच नीट दिसतो. तो १९०१ सालचा, १९६९ पासून वापरात नाही.

तुमच्यापैकी कुणी एच-१बीवर (अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसावर) असेल आणि पासपोर्टातला व्हिसा संपला असेल, तर ते वेगळं प्रकरण आहे. ग्रीन कार्ड असेल तर त्यासोबत भारतीय पासपोर्टही हवाच. मी वकील नाही, नियम बदलतात, तेव्हा माझ्या भरवशावर न राहता निघण्यापूर्वी दोन्ही देशांच्या सरकारी संकेतस्थळांवर बघा. बुकिंगवाल्याला विचारू नका असं म्हणणार नाही, पण त्याचं उत्तर ईमेलवर घ्या.

जहाजाकडून की बाहेरून, हेही विचारलंत. बाहेरून स्वस्त पडतं आणि गर्दी कमी असते. पण जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं, तुमच्या स्वतंत्र सहलीसाठी थांबत नाही. अलास्काबाहेरच्या कित्येक बंदरांत माणूस टॅक्सी करून पुढचं बंदर गाठू शकतो. इथे ते जमत नाही. स्कॅगवेहून बाहेर जाणारा एकच रस्ता आहे आणि तो कॅनडातून जातो. जुनोला तर रस्ताच नाही, फेरी किंवा छोटं विमान. आई-वडील सोबत असताना मी चार पैसे जास्त मोजून जहाजाकडूनच घेईन. नुसती माथ्याची सकाळची ट्रेन असेल तर बाहेरून घ्यायला हरकत नाही, हाताशी वेळ भरपूर असतो.

फोनचं एक लक्षात ठेवा. उन्हाळ्यात युकॉनचं घड्याळ अलास्काच्या एक तास पुढे असतं. पलीकडचं नेटवर्क पकडलं की फोन आपोआप तासभर पुढे जातो आणि जहाज सुटलं की काय म्हणून धस्स होतं (दुसऱ्या खेपेला माझं झालं). परतताना तो वेळेवर मागे येईलच असं नाही. मनगटावर साधं घड्याळ, जहाजाच्या वेळेवर लावलेलं, सगळ्यात उत्तम. आणि रोमिंग बंद करा, कॅनडाचं वेगळं लागतं. पिशवीत फळं नेऊ नका, नाक्यावर उगाच प्रश्न.

ट्रेनमध्ये वर जाताना डावीकडे बसा, दरी त्या बाजूला आहे. डावीकडे जागा मिळाली नाही म्हणून आईंना वाईट वाटू देऊ नका, कारण माथ्यावर सगळ्यांना आसनांच्या पाठी उलट्या करून बाजू बदलायला सांगतात, उतरताना दरी तुमच्या वाट्याला येते. डब्याबाहेरच्या छोट्या गॅलरीत उभं राहता येतं, पण वारा बोचरा असतो, वडिलांना कानटोपी द्याच. वर ढग असतील तर काही दिसणार नाही. त्याला इलाज नाही, गाडी तरीही जाते. वाटेत ‘डेड हॉर्स गल्च’ नावाची घळ लागते, सोन्याच्या शोधात माणसांची लाट इथून गेली तेव्हा, १८९७-९८ मध्ये, सुमारे ३,००० घोडी-खेचरं या वाटेवर मेली म्हणतात. सासूबाईंना हे आधीच वाचून दाखवलं होतं तर त्या म्हणाल्या, मग मला नाही बघायचं ते. त्या दिवशी धक्क्यावर उभ्या राहूनही त्यांनी नवऱ्याला हेच ऐकवलं, “बरं झालं, मेलेली घोडी बघायला नको मला.” सासऱ्यांना हसू आलं तेवढंच.

बसचं नक्की केलंत तर ती कुठपर्यंत जाते, धक्क्यावरून किती वाजता निघते आणि जहाजावर परतायची शेवटची वेळ काय, ते इथे लिहा. फ्रेझरच्या ट्रेनशी जुळतंय का बघून सांगते.