चक येगर की बॉब हूवर: छोट्या विमानांसाठी कोणी जास्त केलं?

तुम्ही विचारलंय की या दोन अमेरिकन वैमानिकांपैकी जनरल एव्हिएशनला, म्हणजे एअरलाइन आणि लष्कर सोडून उरलेल्या छोट्या विमानांच्या जगाला, जास्त कोणी दिलं. माझ्या मते हूवर यांनी, आणि बऱ्याच फरकाने.

१४ ऑक्टोबर १९४७ला येगर यांनी बेल एक्स-१ मधून ध्वनीचा वेग ओलांडला. त्या दिवशी सोबतीच्या विमानात हूवर होते. राखीव वैमानिकही तेच. नाव येगर यांचं झालं, आणि ते रास्तच आहे. पण सेसनासारखं छोटं विमान उडवणाऱ्याच्या हाती त्यातून फारसं काही आलं नाही.

हूवर यांच्या श्राइक कमांडर या दोन इंजिनांच्या विमानात एकदा विमानाच्या पेट्रोलऐवजी जेटचं इंधन भरलं गेलं. पाइपांत उरलेल्या पेट्रोलवर विमान उडालं आणि जमीन सोडल्यावर थोड्याच वेळात दोन्ही इंजिनं गेली. सगळे वाचले. इंधन भरणाऱ्या पोरावर ते भडकले नाहीत; उलट, दुसऱ्या दिवशी माझं दुसरं विमान यानेच भरायचं, असा आग्रह धरला. मग त्यांनी मूळ दुखण्यालाच हात घातला. जेट इंधनाच्या नळीचं तोंड रुंद आणि चपटं, पेट्रोलच्या टाकीचं तोंड अरुंद. भरणारा कितीही घाईत असो, नळी आत जातच नाही! या तोंडाला आजही हूवर नॉझल म्हणतात. यामुळे किती जीव वाचले हे मोजता येत नाही, म्हणून त्याची कीर्तीही होत नाही.

त्यांच्या कसरतींकडेही मी याच नजरेने बघतो. दोन्ही इंजिनं बंद करून लूप (हवेत उभं वर्तुळ), रोल (विमानाची आडवी गिरकी), आणि थेट धावपट्टीवर. मी ग्लायडिंग, म्हणजे बिनइंजिनाचं विमान उडवणं, हडपसरला शिकलो. ग्लायडरला ओढून वर चढवणाऱ्या जमिनीवरच्या यंत्राचा, विंचचा, दोर सुटला की उंची आणि वेग एवढीच पुंजी उरते. उतरताना अंदाज चुकला तर पुन्हा फेरी मारून येण्याची सोय नसते. तोच हिशेब हूवर जड, दोन इंजिनांच्या विमानात करून दाखवत. इंजिन बंद पडलं तरी विमान वैमानिकाच्या ताब्यातच असतं, हे लाखो लोकांनी डोळ्यांनी पाहिलं.

येगर यांच्या बाजूने एक गोष्ट मात्र भक्कम आहे. १९९४ ते २००४ ते 'यंग ईगल्स'चे अध्यक्ष होते. या उपक्रमात ८ ते १७ वर्षांच्या मुलांना हौशी वैमानिक स्वखर्चाने पहिली फेरी मारून आणतात. आजवर २० लाखांहून जास्त मुलं उडाली. कष्ट त्या वैमानिकांचे, पण येगर यांचं नाव पाठीशी नसतं तर एवढ्या आईबापांनी आपली पोरं अनोळखी माणसाच्या विमानात बसवली असती, असं मला वाटत नाही.