जुन्या पत्रांचा गठ्ठा: आधी आत्याला विचारा, मग स्कॅनिंग

घराची आवराआवर निघते, माळ्यावरून आजोबांच्या पत्रांचा गठ्ठा निघतो आणि नेमके परदेशी परतायला चार दिवस उरलेले असतात. अशा वेळी लगेच स्कॅनर शोधू नका. कागद आणखी काही वर्षं तग धरेल. पत्रातली ‘बेबी’ कोण, ‘धाकटे अण्णा’ कुणाचे, हे सांगू शकणारी आत्या आज ऐंशीच्या घरात आहे. तिच्याकडून पत्रं मोठ्याने वाचून घ्या आणि फोनवर रेकॉर्ड करा. दर वेळी आधी पत्राचा क्रमांक म्हणा, नाहीतर कुठला आवाज कुठल्या पत्राचा ते नंतर कळत नाही. एका बैठकीत पाच-सहा पत्रं पुरे. पुढे कंटाळा येतो आणि ‘असेल कुणीतरी’ सुरू होतं.

मायना नीट वाचा. ‘ती.’ वडीलधाऱ्यांना, ‘चि.’ धाकट्यांना; ‘अ. उ. आ.’ म्हणजे अनेक उत्तम आशीर्वाद, तेव्हा लिहिणारा मोठा. एकीचाच उल्लेख आधी ‘सौ.’ आणि पुढे ‘गं. भा.’ असेल, तर तिचे यजमान मधल्या काळात गेले. मात्र ‘काका’, ‘भाऊ’, ‘दादा’ यावरून नातं ठरवू नका. कित्येक घरांत मुलं वडिलांनाच तशी हाक मारत. लग्नात नाव बदललेल्या सुनेची माहेरची आणि सासरची दोन्ही नावं एकत्र नोंदवा. वंशावळीत एकीच्या दोघी होतात त्या इथेच.

तिथी आणि शक दिला असेल तर शकात ७८ मिळवा: श्रावण, शके १८७५ म्हणजे १९५३. माघ-फाल्गुनात मात्र ७९; पौषात दोन्ही शक्य. तारीखच नसेल तर पाकीट पाहा. तिकिटाची किंमत आण्यांत असेल तर पत्र बहुधा एप्रिल १९५७ च्या आधीचं, ‘नये पैसे’ असतील तर त्यानंतरचं. पत्त्यात पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. म्हणून पाकिटं टाकू नका, नातवाच्या संग्रहासाठी तिकिटंही कापू नका.

स्कॅन रंगीत हवा, ४०० डीपीआयला (इंचाला ४०० ठिपके). कृष्णधवलमध्ये पेन्सिल आणि उडालेली शाई गायब होते. अंतर्देशीय पत्राच्या सगळ्या घड्या, पत्त्याची बाजूसुद्धा घ्या. जागा संपली की ताजा कलम समासात, आडवा, अगदी चिकटवायच्या पट्टीलगत लिहिलेला असतो आणि खरी बातमी बरेचदा तिथेच असते. भारतातून कुणी फोटो पाठवणार असेल तर फ्लॅश बंद, खिडकीचा उजेड, आणि व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून. साधा फोटो पाठवला की त्याचा दर्जा उतरतो.

मूळ पत्रांना लॅमिनेशन नको, चिकटपट्टी नको, रबरबँडही नको. गंजलेली टाचणी ओढू नका, कागद फाटतो. तिच्याखाली जाड कागदाची पट्टी सरकवून हळूच सोडवा. क्रमांक मागच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने लिहा. ठेवायला आम्लमुक्त फोल्डर आणि राहत्या खोलीतलं कपाट; तळघर नको, माळाही नको.

पत्रं परदेशी न्यायची असतील तर एक गोष्ट तपासा. ७५ वर्षांहून जुन्या, ऐतिहासिक किंवा साहित्यिक मोल असलेल्या हस्तलिखितांना १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो. खुशालीच्या पत्रांचा सहसा प्रश्न येत नाही. गठ्ठ्यात मोडीतली सनद किंवा एखाद्या नामवंताचा पत्रव्यवहार निघाला, तर तो बॅगेत भरण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे विचारा.