राष्ट्रीय आयोग, युनेस्को आणि बी.ए.ची विद्यार्थिनी

प्रश्न : माझी मुलगी ठाण्यातील एका महाविद्यालयात इतिहास आणि राज्यशास्त्र घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला शिकते. एका व्याख्यानात तिने युनेस्कोशी सहकार्य करणाऱ्या भारतीय राष्ट्रीय आयोगाविषयी ऐकले आणि तेव्हापासून तिथेच काम करायचे, असे तिच्या मनाने घेतले आहे. शिक्षण, गडकिल्ले आणि पत्रकारांचे स्वातंत्र्य हे तिन्ही विषय तिच्या आवडीचे आहेत. एका स्थानिक साप्ताहिकात ती अधूनमधून लिहितेही. तिने बँकेची नाहीतर एमपीएससीची तयारी करावी, असे माझ्या यजमानांचे म्हणणे आहे. दरम्यान एका क्लासने नोकरीची हमी देऊन ‘युनेस्को करिअर’ नावाचा चाळीस हजार रुपयांचा अभ्यासक्रम सुचवला आहे. आयोगात भरती कशी होते आणि पदवीनंतर तिने काय शिकावे? – एक पालक, नेरूळ

उत्तर : ताई, सर्वांत आधी त्या चाळीस हजारांविषयी. ते भरू नका. युनेस्को आपल्या भरतीच्या कोणत्याही टप्प्यावर, म्हणजे अर्जासाठी, मुलाखतीसाठी किंवा प्रशिक्षणासाठी, उमेदवाराकडून शुल्क घेत नाही आणि तिथल्या नोकरीची हमी देण्याचा अधिकार बाहेरच्या कोणत्याही क्लासला नाही. जो क्लास अशी हमी लेखी देत नाही, पण तोंडी देतो, त्याच्याशी यापुढे बोलण्याचेही कारण नाही.

आता आयोगाकडे वळू. युनेस्कोची घटना १६ नोव्हेंबर १९४५ रोजी लंडनमध्ये स्वीकारली गेली आणि भारत तिच्या संस्थापक सदस्यांपैकी एक आहे. त्या घटनेच्या सातव्या कलमात प्रत्येक सदस्य देशाने आपल्याकडील शैक्षणिक, वैज्ञानिक आणि सांस्कृतिक संस्थांना युनेस्कोच्या कामाशी जोडून घ्यावे आणि शक्यतो त्यासाठी राष्ट्रीय आयोग नेमावा, अशी तरतूद आहे. तिला अनुसरून भारताने १९४९ मध्ये हंगामी आणि १९५१ मध्ये कायमस्वरूपी आयोग स्थापन केला. केंद्रीय शिक्षणमंत्री त्याचे अध्यक्ष असतात आणि उच्च शिक्षण सचिव त्याचे महासचिव. शिक्षण, निसर्गविज्ञान, सामाजिक शास्त्रे, संस्कृती आणि संज्ञापन अशा विषयांसाठी त्याचे उपआयोग असून त्यांवर त्या त्या क्षेत्रातील जाणकारांची नेमणूक होते. ती बहुधा त्यांच्या कारकिर्दीच्या उत्तरार्धात होते. दैनंदिन काम मंत्रालयातील अधिकारी आणि कर्मचारीच पाहतात. या कर्मचाऱ्यांची निवड आयोगासाठी म्हणून होत नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या किंवा कर्मचारी निवड आयोगाच्या सर्वसाधारण परीक्षांतून आलेला अधिकारी काही वर्षे या टेबलावर बसतो आणि पुढे त्याची बदली शिष्यवृत्ती विभागात, विद्यापीठ विभागात किंवा वेगळ्याच मंत्रालयात होते. म्हणून ‘आयोगात नोकरी’ या उद्दिष्टावर एखाद्या मुलीच्या पुढच्या पाच वर्षांची आखणी करता येत नाही, हे तिला स्पष्ट सांगावे लागेल.

याचा अर्थ तिचे स्वप्न चुकीचे आहे, असा मात्र नाही. आयोगाचे टेबल हे या सहकार्याचे केवळ एक ठाणे आहे. खरे काम त्याच्या अलीकडे आणि पलीकडे चालते. तुमच्या मुलीने दोन गोष्टी ठरवायच्या आहेत : तिचा विषय कोणता आणि त्या विषयात तिला सरकारच्या बाजूने बसायचे आहे, आंतरराष्ट्रीय संस्थेच्या बाजूने, की या दोघांनाही प्रश्न विचारणाऱ्यांच्या बाजूने. शिक्षण आणि संस्कृती या क्षेत्रांत बाजू बदलली तरी फारसे बिघडत नाही. पत्रस्वातंत्र्याच्या क्षेत्रात मात्र फार बिघडते.

संस्कृतीपासून सुरुवात करतो, कारण तिथले काम डोळ्यांना दिसते. ११ जुलै २०२५ रोजी पॅरिसमधील बैठकीत मराठा लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. अकरा महाराष्ट्रातील आणि तमिळनाडूतील जिंजी. त्या दिवशी पेढे वाटले गेले, पण त्यामागचा प्रस्ताव कसा तयार होतो हे फार थोड्यांना ठाऊक असते. एखादे स्थळ आधी किमान वर्षभर देशाच्या संभाव्य यादीत असावे लागते. एका वर्षात एक देश एकच परिपूर्ण प्रस्ताव विचारार्थ देऊ शकतो आणि तो १ फेब्रुवारीपर्यंत पोहोचावा लागतो. त्यानंतर इकोमॉस ही स्मारकांच्या क्षेत्रातील तज्ज्ञ संस्था त्याची छाननी करते, तिचा प्रतिनिधी प्रत्यक्ष स्थळावर येऊन जातो आणि पुढच्या वर्षी समिती निर्णय घेते. प्रस्तावात प्रत्येक किल्ल्याची हद्द आणि तिच्याभोवतीचा संरक्षक पट्टा दाखवणारे नकाशे, जगातील इतर दुर्गव्यवस्थांशी तुलना, मालकीची स्थिती आणि व्यवस्थापन आराखडा असे सारे लागते. या बारांपैकी आठ किल्ले भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत, तर साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड हे चार राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. म्हणजे दोन सरकारांच्या कागदपत्रांची सांगड घालण्याचे काम आधी करावे लागते. बागलाणातील डोंगरी साल्हेर आणि मालवणच्या समुद्रातील सिंधुदुर्ग हे एकाच लष्करी विचाराचे भाग कसे, हे परदेशी तज्ज्ञाला पटेल अशा नेमक्या इंग्रजीत मांडणारा माणूस इथे लागतो, मोडी कागद वाचणारा लागतो आणि गडावरच्या वस्तीतील लोकांशी बोलणाराही लागतो. यातील जतन-दुरुस्तीचे तांत्रिक काम वास्तुविशारदांचे असल्याने तो मार्ग आता तुमच्या मुलीसाठी उरलेला नाही. उरलेली तिन्ही कामे मात्र इतिहासाच्या विद्यार्थिनीला करता येतात. त्यासाठी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पुरातत्त्वात एम.ए. आणि पुढे पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ग्रेटर नोएडा येथील संस्थेतील पदव्युत्तर पदविका, असा सरळ मार्ग आहे. यजमानांनी सुचवलेली एमपीएससीही इथे निरुपयोगी ठरत नाही, कारण राज्य संचालनालयातील राजपत्रित पदे तिच्यामार्फतच भरली जातात. मोडी लिपी तिने कोणत्याही परिस्थितीत शिकावी. आणि किल्ल्यांसाठी सवड होईपर्यंत, २००४ पासून जागतिक वारसा असलेली इमारत नेरूळहून एका लोकलच्या अंतरावर आहे. सीएसएमटीला उतरून, लाखो प्रवाशांचे चालते स्थानक आणि जपायचा वारसा यांचा मेळ तिथे कसा घातला जातो आणि कुठे घातला जात नाही, याची टिपणे ठेवायला तिने सुरुवात करावी.

शिक्षणाविषयी थोडक्यात. एके काळी या क्षेत्रातील सहकार्य संस्था उभारण्याच्या रूपाने दिसे : पवईची आयआयटी १९५८ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने आणि त्यासाठी सोव्हिएत संघाने दिलेल्या निधीतून सुरू झाली, तर दिल्लीतील आजच्या शैक्षणिक नियोजन व प्रशासन संस्थेचे मूळ १९६२ मधील युनेस्कोच्या आशियाई प्रादेशिक केंद्रात आहे. आज हे काम मुख्यतः धोरण, आकडेवारी आणि मूल्यमापनाचे आहे. त्यासाठी देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतून शिक्षण विषयात एम.ए. करावे आणि संख्याशास्त्राची भीती घालवावी लागेल. तुमच्या पत्रावरून मुलीचा ओढा तिकडे फारसा दिसत नाही, म्हणून अधिक लिहीत नाही.

पत्रस्वातंत्र्याबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे. शब्द आणि प्रतिमा यांच्याद्वारे विचारांचा मुक्त प्रवाह वाढवणे हे युनेस्कोच्या घटनेतच नोंदवलेले कार्य आहे; पण त्याचा अर्थ काय, यावरून ही संघटना एकदा जवळजवळ फुटली होती. बातम्यांचा प्रवाह मूठभर पाश्चात्त्य वृत्तसंस्थांच्या हाती असून तो एकाच दिशेने वाहतो, अशी तक्रार १९७० च्या दशकात नवस्वतंत्र देशांनी मांडली आणि त्यांत भारत आघाडीवर होता. त्यावर नेमलेल्या शॉन मॅकब्राइड यांच्या आयोगात भारताचे बी. जी. व्हर्गीस सदस्य होते. १९८० च्या त्या अहवालाकडे गरीब देशांनी न्यायाची मागणी म्हणून पाहिले, तर पाश्चात्त्य वृत्तपत्रांना त्यात सरकारी नियंत्रणाचा वास आला. हा वाद हे एक महत्त्वाचे कारण ठरून १९८४ च्या अखेरीस अमेरिका आणि १९८५ मध्ये ब्रिटन युनेस्कोतून बाहेर पडले. माझ्या मते दोन्ही बाजूंचे म्हणणे अर्धे खरे होते, आणि तुमच्या मुलीने निबंधासाठी एखादा विषय शोधायचा झाला तर याहून चांगला तिला मिळणार नाही. पुढे १९९१ मध्ये नामिबियातील विंडहूक येथे आफ्रिकी पत्रकारांनी स्वतंत्र आणि बहुविध वृत्तपत्रांचा जाहीरनामा केला. त्याच्या स्मरणार्थ ३ मे हा जागतिक पत्रस्वातंत्र्य दिन १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने घोषित केला.

आजचे काम असे चालते. एखाद्या देशात पत्रकाराची हत्या झाली की युनेस्कोचे महासंचालक तिचा जाहीर निषेध करतात, ते प्रकरण नोंदवहीत जाते आणि तपास व खटला कुठवर आला, याची माहिती संबंधित सरकारकडे मागितली जाते. उत्तर देणे सरकारवर बंधनकारक नसते. ते ऐच्छिक असते. आलेल्या आणि न आलेल्या उत्तरांचा अहवाल दर दोन वर्षांनी निघतो. या एकाच पत्रव्यवहारात प्रश्न विचारणारा पॅरिसमधील अधिकारी आहे, उत्तराचा मसुदा करणारा दिल्लीतील अधिकारी आहे आणि मुळात त्या घटनेची माहिती खणून काढणारे तालुक्याचे वार्ताहर, पत्रकार संघटना आणि वकील आहेत. हे तिघे एकाच विषयावर काम करतात, पण त्यांचे हात वेगवेगळ्या नियमांनी बांधलेले असतात. केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियम, १९६४ यांतील नववा नियम सरकारी कर्मचाऱ्याला शासनाच्या धोरणावर जाहीर टीका करण्यास मनाई करतो आणि वृत्तपत्रांशी असलेल्या संबंधांवर आठव्या नियमाचे निर्बंध आहेत. साप्ताहिकात लिहिणाऱ्या मुलीने परीक्षेचा अर्ज भरण्याआधी हे दोन नियम मुळातून वाचलेच पाहिजेत. सरकारी सेवेत राहून या विषयाचे चांगले काम होत नाही असे मी म्हणत नाही. उत्तर वेळेवर आणि प्रामाणिक गेले तर त्याचे मोल मोठे असते. पण ते काम नाव न येणारे आणि मत न मांडणारे आहे. ज्याला लिहायची सवय लागली आहे, त्याला ते जड जाते.

ओघात आणखी एक. देशांना पत्रस्वातंत्र्यात क्रमांक देणारी यादी युनेस्कोची नसते; ती रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स या संघटनेची असते आणि दोघांचीही मुख्यालये पॅरिसमध्ये असल्याने आपल्याकडे सर्रास गल्लत होते. आपल्या राष्ट्रगीताला युनेस्कोने सर्वोत्तम ठरवल्याचा संदेश दर ऑगस्टमध्ये कुटुंबाच्या गटावर फिरतो, तोही असाच निराधार आहे. या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या मुलीने निदान आपल्या घरात तरी तो थांबवावा.

युनेस्कोच्या बाजूने काम करायचे असल्यास अपेक्षा वास्तव ठेवाव्यात. व्यावसायिक श्रेणीतील सुरुवातीच्या पी-२ पदालाही पदव्युत्तर पदवी आणि साधारण दोन वर्षांचा अनुभव मागितला जातो. सचिवालयाच्या कामकाजाच्या भाषा इंग्रजी आणि फ्रेंच आहेत. त्यामुळे फ्रेंच आतापासून सुरू केली तर एम.ए. होईपर्यंत ती कामापुरती येईल. तरुणांसाठीचा विशेष भरती कार्यक्रम कर्मचारी वर्गात ज्या देशांचे प्रतिनिधित्व कमी आहे त्यांच्यापुरताच असतो, म्हणून त्या वर्षीच्या यादीत भारत आहे की नाही, हे आधी पाहावे. दिल्लीचे कार्यालय १९४८ पासून आहे आणि तेथील काही पदे फक्त भारतीय नागरिकांसाठी असतात. तिथे तिला अधिक वाव आहे. मात्र बहुतेक नेमणुका मुदतीच्या करारावर होतात आणि पैशांची चणचण नित्याची असते. २०२३ मध्ये परतलेल्या अमेरिकेने जुलै २०२५ मध्ये पुन्हा बाहेर पडण्याची घोषणा केली असून ती डिसेंबर २०२६ अखेर लागू होणार आहे. तेव्हा यजमानांची स्थैर्याची काळजी अनाठायी नाही, एवढे मी त्यांच्या बाजूने म्हणेन.

माझा कल विचाराल तर तो तिसऱ्या बाजूकडे आहे आणि त्याचे कारण साधे आहे : तीन आवडींपैकी ज्या एकीसाठी ती आजच काही करते आहे, ती लेखनाची आहे. १८६६ मध्ये ‘अरुणोदय’ काढणाऱ्या ठाण्यात स्थानिक साप्ताहिकात लिहिणे ही लहान गोष्ट मानू नये. बी.ए.नंतर तिने तीन वर्षांचा एलएल.बी. अभ्यासक्रम घ्यावा, असे मी सुचवेन. त्यासाठी राज्याची सीईटी द्यावी लागते. आपल्या देशातील पत्रस्वातंत्र्य हे घटनेच्या १९(१)(अ) या कलमातून आणि न्यायालयांच्या निकालांतून उभे राहिले आहे; त्यांतील पहिल्या महत्त्वाच्या निकालांपैकी एक, रोमेश थापर खटल्याचा १९५० मधील निकाल, मुंबईतून निघणाऱ्या एका साप्ताहिकाबाबतचाच होता. कायदा जाणणारी आणि मराठीत लिहू शकणारी व्यक्ती वृत्तपत्राला, पत्रकार संघटनेला आणि पुढे युनेस्कोलाही हवी असते. शिवाय वकिलीची सनद हाताशी राहते, ज्यामुळे यजमानांचीही समजूत पटावी. कायदा नकोच वाटला तर भारतीय जनसंचार संस्थेच्या अमरावती केंद्रात मराठी पत्रकारितेचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम आहे. तो कमी खर्चाचा आणि लवकर पूर्ण होणारा पर्याय आहे.

निर्णयाआधी तिची ओढ पारखून घ्यायची असेल तर एक काम सांगतो. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्धचा कायदा महाराष्ट्राच्या विधिमंडळाने २०१७ मध्ये मंजूर केला. त्याखाली आजवर किती गुन्हे नोंदले गेले आणि किती प्रकरणांत दोषारोपपत्र दाखल झाले, एवढेच दोन प्रश्न तिने ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही पोलीस आयुक्तालयांना माहितीच्या अधिकारात विचारावेत. अर्ज मराठीत चालतो, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत असते. उत्तर आले तर त्यावर तिने साप्ताहिकात लेख लिहावा. न आल्यास पहिले अपील करावे.