विडाल पॉझिटिव्ह, कल्चर निगेटिव्ह: खरे काय मानावे?

प्रश्न: माझी 19 वर्षांची मुलगी वसतिगृहातून ताप घेऊनच घरी आली. तिसऱ्या दिवशी विडाल तपासणी केली, तिचा रिपोर्ट 1:160 पॉझिटिव्ह आला आणि त्याच दिवशी अँटिबायोटिक सुरू झाले. ताप न उतरल्यामुळे सहाव्या दिवशी रुग्णालयात नेले. तिथे रक्ताची कल्चर तपासणी झाली आणि पाच दिवसांनी ‘जिवाणू वाढले नाहीत’ असा रिपोर्ट मिळाला. तिला टायफॉईड होता की नव्हता?
(एक वाचक भगिनी, सांगली)

उत्तर: आपल्या हाती असलेल्या या दोन कागदांवरून ठामपणे हो म्हणता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही. असे का, ते सविस्तर सांगते, कारण हा घोळ आमच्या प्रयोगशाळेत मी वारंवार पाहते.

विडाल तपासणी 1896 सालची आहे. तिच्यात जिवाणू शोधला जात नाही, तर त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधली जातात. 1:160 याचा अर्थ रक्तातील सीरम 160 पट पातळ केल्यावरही त्यातील प्रतिपिंडांनी जिवाणूंच्या गुठळ्या धरल्या. ही प्रतिपिंडे साधारणपणे पहिला आठवडा सरता सरता मोजण्याइतकी वाढतात. त्यामुळे तिसऱ्या दिवशी दिसलेली प्रतिपिंडे पूर्वी कधीतरी झालेल्या संसर्गाची, घेतलेल्या लसीची किंवा टायफॉईडचा जिवाणू ज्या साल्मोनेला कुळातला, त्यातल्या त्याच्या एखाद्या भावंडाची असण्याची शक्यता बरीच असते. मलेरियासारख्या दुसऱ्या तापातही विडाल कधीकधी पॉझिटिव्ह येते. आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन नमुने घेतले आणि दुसऱ्यात प्रतिपिंडे चौपट झालेली दिसली, तर त्या आकड्याला वजन येते. पण दुसऱ्या नमुन्यासाठी सहसा कोणी परत येत नाही.

कल्चरमध्ये प्रत्यक्ष जिवाणू वाढवून पाहतात. टायफॉईडच्या रुग्णाच्या एक मिलिलिटर रक्तात बऱ्याचदा जेमतेम एखादाच जिवाणू असतो, म्हणून प्रौढ व्यक्तीचे एका बाटलीसाठी आठ ते दहा मिलिलिटर रक्त घ्यावे लागते. घाईत दोन मिलिलिटर रक्त घालून आलेली बाटली पाहिली की मला मनापासून वाईट वाटते, कारण त्या रुग्णाचा जिवाणू सिरिंजमध्ये आलाच नसण्याची शक्यता असते. बाटली यंत्रात शरीराच्या तापमानाला ठेवतात. आत जिवाणू वाढू लागले की ते कार्बन डायऑक्साईड सोडतात, बाटलीच्या तळाशी असलेल्या चकतीचा रंग त्यामुळे बदलतो आणि यंत्र इशारा देते. मग त्यातील थेंब काचपट्टीवर घेऊन ग्रॅम नावाच्या शास्त्रज्ञाच्या पद्धतीने रंगवला की सूक्ष्मदर्शकाखाली बारीक गुलाबी दांडे दिसतात, आणि मॅकॉन्की आगर या जिवाणू वाढवण्याच्या माध्यमाच्या बशीवर दुसऱ्या दिवशी फिकट, रंगहीन ठिपके उमटतात. आतड्यातील नेहमीचा ई. कोलाय असता तर ते गडद गुलाबी झाले असते. पुढे ओळख पक्की करून कोणते औषध लागू पडेल तेही तपासले जाते, आणि ही माहिती विडालमधून कधीच मिळत नाही. आपल्याकडे सिप्रोफ्लॉक्सॅसिनला दाद न देणारा टायफॉईड सर्रास आढळत असल्यामुळे ती मोलाची आहे.

असे असूनही, औषध सुरू होण्यापूर्वी रक्त घेतले तरी कल्चर साधारण दहापैकी सहाच रुग्णांत रोग पकडते. आपल्या मुलीचे रक्त तर अँटिबायोटिकच्या तीन दिवसांनंतर घेतले गेले. जिवाणू मेले नसले तरी औषधाने दबलेले असतात आणि बाटलीत वाढत नाहीत. म्हणून तिचा निगेटिव्ह रिपोर्ट टायफॉईड नव्हता असे सिद्ध करत नाही, आणि तिसऱ्या दिवसाची विडाल तो होता असेही सिद्ध करत नाही. तिसऱ्या दिवशी विडालऐवजी कल्चरसाठी रक्त घेऊन लगेच औषध सुरू केले असते, तर उपचाराला उशीर झाला नसता आणि उत्तर मिळण्याची शक्यताही बरीच वाढली असती. तिचा ताप अजून उतरला नसेल, तर मलेरिया, डेंग्यू आणि स्क्रब टायफस यांच्या तपासण्या झाल्या आहेत का, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे.

प्रश्न: आमच्या खाणावळीतील स्वयंपाक्याला टायफॉईड झाला होता. कोर्स पूर्ण होऊन महिना झाला, पण विडाल अजून पॉझिटिव्ह आहे. त्याला कामावर घ्यावे का?
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: विडाल बरे झाल्यावरही कित्येक महिने पॉझिटिव्ह राहू शकते, म्हणून त्यावरून निर्णय घेऊ नये आणि ती पुन्हा पुन्हा करूही नये. काही जणांच्या पित्ताशयात जिवाणू टिकून राहतो आणि त्यांना काहीही त्रास नसताना शौचावाटे बाहेर पडत राहतो. तसे आहे का हे पाहण्यासाठी स्वयंपाक्याच्या शौचाचे तीन नमुने, प्रत्येकी दोन दिवसांच्या अंतराने, कल्चरला द्यावेत. तिन्ही निगेटिव्ह येईपर्यंत त्याला पगारी रजा द्यावी किंवा अन्नाशी संबंध नसलेले काम द्यावे, म्हणजे पोटासाठी आजार लपवण्याची वेळ त्याच्यावर येणार नाही.